हवेतली धडक म्हणजे डिफेंडरचाच फाऊल? मुळीच नाही

बास्केटबॉलची एखादी वादग्रस्त क्लिप फिरू लागली की तिच्यासोबत हा दावाही फिरतो: 'हवेतल्या खेळाडूला स्वतःला आवरता येत नाही, म्हणून धडक झाली की फाऊल डिफेंडरचा, म्हणजे अडवणाऱ्याचा. डिफेंडर हलत होता, मग तर प्रश्नच मिटला. फक्त चेंडूला आधी हात लागला असेल तर फाऊल नाही.' यातलं एकही वाक्य नियमाला धरून नाही आणि शेवटचं तर खेळाडूंच्या जिवावर बेतणारं आहे.

धडक झाली एवढ्यावरून फाऊल ठरत नाही. ती जागा कोणाची होती, हे बघावं लागतं. आपण कायदेशीरपणे घेतलेली जागा आणि तिच्या सरळ वरची हवा त्या खेळाडूची असते. डिफेंडर स्वतःच्या जागेतून सरळ वर उडाला, हात उभे ठेवले आणि ले-अपला (रिंगजवळून उडी घेत मारायच्या शॉटला) आलेला खेळाडू त्याच्या छातीवर आदळला, तर डिफेंडरचा काहीच गुन्हा नाही. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगच्या २०१२-१३ च्या मोसमात इंडियाना पेसर्स संघाचा रॉय हिबर्ट नेमका असाच रिंग राखायचा. उलट शूटरने शॉट मारताना पाय फाकवून मुद्दाम डिफेंडरला गाठलं, तर फाऊल शूटरचा.

आता हलण्याचं. फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमानुसार समोरच्याकडे तोंड आणि दोन्ही पाय जमिनीवर, एवढं एकदा झालं की डिफेंडर बाजूला किंवा मागे सरकू शकतो. खरी मेख वेळेची आहे. समोरच्याचे पाय जमिनीवरून सुटले त्या क्षणी त्याची वाट मोकळी होती का? मोकळी असेल आणि डिफेंडर नंतर तिथे शिरला, तर धडकेच्या वेळी तो खांबासारखा उभा असला तरी फाऊल त्याचाच. हा अर्धा क्षण पकडायचा तर रेफरीची नजर चेंडूवर असून भागत नाही, डिफेंडरवर लागते. प्रेक्षक चेंडू बघतात, म्हणूनच त्यांना बरोबर निर्णयही चुकीचा वाटतो. (रिंगखालच्या १.२५ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळात मात्र साध्या धडकेवर चार्जिंग, म्हणजे चेंडू घेऊन आलेल्याचा डिफेंडरवर आदळल्याचा फाऊल, देत नाहीत. हात, पाय किंवा अंगाचा गैरवापर असेल तरच.)

राहिला 'चेंडू आधी' हा मुद्दा. चेंडू हातातून सुटला तरी खेळाडू अजून हवेतच असतो आणि जिथून उडाला तिथे परत उतरायचा त्याला हक्क असतो. १४ मे २०१७ ला एनबीएच्या सामन्यात सॅन अँटोनियो संघाचा कवाय लेनर्ड शॉट मारून उतरला तो गोल्डन स्टेट संघाच्या झाझा पाचुलियाच्या पायावर. घोटा मुरगळला आणि मालिकेतले पुढचे सामने तो खेळू शकला नाही. पुढच्याच मोसमापासून एनबीएने शूटरच्या उतरण्याच्या जागेत बेदरकारपणे घुसणाऱ्याला फ्लॅग्रंट (गंभीर) फाऊल देण्याची मुभा रेफरींना दिली. फिबाच्या नियमांत हवेतल्या खेळाडूच्या खाली शिरून धडक घडवणं हा सहसा अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्तीला न शोभणारा) फाऊल ठरतो, काही वेळा थेट डिस्क्वालिफाइंग, म्हणजे खेळाडूला सामन्यातून बाद करणारा. 'पण चेंडूला हात लागला होता' ही सबब तिथे चालत नाही.