औषधाच्या चिठ्ठीवर हसणाऱ्यांसाठी

आज जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्याच्या टेबलावर राहिलेली औषधाची चिठ्ठी कोणीतरी उचलली, त्यावरच्या मलमाचे नाव मोबाइलवर शोधले आणि इमिक्विमोड गुप्तांगावरच्या मस्स्यांसाठी, म्हणजे चामखिळींसाठी, देतात असे कळताच चौघांत हशा पिकला. हेच मलम त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगावरही देतात, म्हणजे आपण नेमके कशाला हसतो आहोत, हेही या मंडळींना ठाऊक नव्हते. दुसऱ्याची चिठ्ठी वाचू नये हे शिकवण्याचे कोणाचेच वय राहिलेले नाही, म्हणून तो विषय सोडून देते.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र मावसबहीण उभी राहिली. (तिला विचारूनच लिहिते आहे.) आंघोळ करताना तिच्या हाताला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे बारीक, खडबडीत कोंब लागले. लाजेपायी तिने कोणालाही न सांगता पायाच्या कुरुपावर लावायचे सॅलिसिलिक आम्लाचे औषध तिथे लावले आणि कातडी अशी सोलवटली की तिला धड बसताही येईना. शेवटी ती डॉक्टरांकडे गेली, तर त्यांनी मान वर न करताच, पडद्याशी परिचारिका उभी असताना विचारले, "नवरा बाहेरगावी फार असतो का?" औषध राहिले बाजूला, तो प्रश्न घेऊन ती घरी आली आणि पुढे कित्येक दिवस त्या घरात कोणी कोणाशी सरळ बोलत नव्हते.

अहो, हा विषाणू आहे, चारित्र्याचा दाखला नव्हे! ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस हे त्याचे नाव, थोडक्यात एचपीव्ही. त्याचे शंभराहून अधिक प्रकार आहेत आणि गुप्तांगावरचे सुमारे ९० टक्के मस्से त्यांतल्या ६ आणि ११ या दोन प्रकारांमुळे होतात. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक माणसांना आयुष्यात केव्हा ना केव्हा एचपीव्हीची लागण होऊन जाते आणि बहुतेकांना तिचा पत्ताही लागत नाही. लागण झाल्यावर मस्सा दिसायला काही आठवडे, काही महिने, क्वचित वर्षेही लागतात, त्यामुळे ती कोणाकडून आणि केव्हा आली हे मस्सा पाहून कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. निरोधने धोका कमी होतो, पण त्याने न झाकलेल्या त्वचेच्या स्पर्शातूनही विषाणू जातोच.

हा आजार मुख्यतः शरीरसंबंधांतूनच पसरतो, हे मान्य. जोडीदाराला सांगायला हवे आणि डॉक्टरांनीही विचारायलाच हवे, हेही मान्य. पण विचारण्याची एक रीत असते.

ती रीत तिला दुसऱ्या, त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे दिसली. त्यांनी दार लावून घेतले आणि आधी नीट तपासले, कारण काही निरुपद्रवी नैसर्गिक पुटकुळ्याही अशाच दिसतात आणि सिफिलिस या लैंगिक आजारातही त्या जागी चपटे, ओलसर उंचवटे येतात. त्यासाठी रक्त तपासले. मग द्रवरूप नायट्रोजनचा फवारा मारला. मस्सा क्षणात पांढराफटक झाला, चुरचुरला, नंतर फोड येऊन गळून पडला. याखेरीज डॉक्टरांनीच लावायचे ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल आहे, विजेने किंवा लेझरने जाळणे आहे, आणि घरी लावायला पोडोफायलोटॉक्सिन किंवा इमिक्विमोड आहे. त्यांतले पोडोफायलोटॉक्सिन गरोदरपणात चालत नाही. मात्र यांतला एकही उपाय विषाणूला मारत नाही, फक्त मस्सा काढतो. विषाणूला आवर घालते ती शरीराची प्रतिकारशक्ती, आणि बहुतेकांच्या बाबतीत तिला त्यासाठी दोनेक वर्षे लागतात. म्हणूनच मस्से पुन्हा उगवतात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. बहिणीचेही उगवले. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवले होते म्हणून बरे, नाहीतर घरात चौकशीचा दुसरा अंक सुरू झाला असता.

तिची खरी झोप उडवली होती ती कर्करोगाच्या भीतीने. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के १६ आणि १८ या प्रकारांमुळे होतात. मस्से करणारे ६ आणि ११ त्यांतले नव्हेत. हे एक वाक्य पहिल्या डॉक्टरांना बोलता आले असते. गर्भाशयमुखाची नियमित तपासणी तिने करावीच, पण ती प्रत्येक स्त्रीने करायची असते, मस्से असोत वा नसोत.

आता राग थोडा ओसरला आहे, म्हणून लशीबद्दलही लिहिते. या चारही प्रकारांपासून संरक्षण देणारी लस २००६ पासून उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये मुलींना ती सरसकट द्यायला सुरुवात झाली आणि काही वर्षांतच तिथल्या तरुण मुलींमधले मस्से जवळजवळ दिसेनासे झाले. लस न घेतलेल्या तरुण मुलांमध्येही ते कमी झाले. पुढे २०१३ पासून तिथे मुलांनाही ती मिळू लागली. आधीच आलेला मस्सा लशीने जात नाही, त्यामुळे ती लागण होण्यापूर्वी, म्हणजे साधारण नऊ ते चौदा या वयात घेतलेली उत्तम. बहिणीने आपल्या मुलीबरोबर मुलालाही ती दिली. "मुलाला कशाला?" असे विचारणारे घरात निघालेच, त्यांना उत्तर द्यायला या वेळी तिचा नवरा पुढे आला.