बोसने तो खटला जिंकला नव्हता, आणि नोटीस म्हणजे निकाल नव्हे

कुठल्याही स्पीकर कंपनीने समीक्षकाला वकिलाची नोटीस धाडली की एक फॉरवर्ड हमखास उगवतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘901 स्पीकरला नावं ठेवणाऱ्या मासिकाला बोस कंपनीने कोर्टात खेचलं आणि भरपाई वसूल केली. मासिकाची मोजणी चुकली होती. समीक्षक खोटा असतो म्हणूनच कंपनी नोटीस पाठवते. खरं लिहिणाऱ्याला भीती कसली?’

‘भरपाई वसूल केली.’ नाही. 901 ची समीक्षा ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी ग्राहक मासिकाच्या मे 1970 च्या अंकात आली. बोसने चूक दुरुस्ती छापायला सांगितली, मासिकाने नकार दिला आणि 1971 मध्ये दावा दाखल झाला. मॅसॅच्युसेट्सच्या संघीय जिल्हा न्यायालयाने बोसच्या बाजूने कौल देऊन सुमारे 1,15,000 डॉलर भरपाई ठरवली. फॉरवर्ड इथेच थांबतो. 1982 मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि 30 एप्रिल 1984 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी मासिकाची बाजू कायम केली. तेरा वर्षं लढून बोस हरली.

‘मोजणी चुकली होती.’ वाद मोजणीचा नव्हताच. 901 मध्ये नऊ ड्रायव्हर (पेटीतले आवाज काढणारे भाग), त्यातले आठ मागे भिंतीकडे तोंड करून आणि एकच पुढे. बहुतेक आवाज भिंतीवर आपटून ऐकणाऱ्याकडे येतो, त्यामुळे वाद्याची जागा धूसर होणार हे त्या रचनेतच आहे. काहींना तेच आवडतं. मासिकाने लिहिलं की व्हायोलिन दहा फूट रुंद वाटतं, पियानो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरतो आणि वाद्यं खोलीभर भटकतात. बोसने हरकतीच्या मुद्द्यांची यादी दिली होती, पण प्रकरण अखेर या ‘खोलीभर भटकण्या’वर अडलं. परीक्षकांनी प्रत्यक्षात ऐकलं होतं ते दोन स्पीकरांच्या मधल्या भिंतीलगतचं सरकणं. लेख तयार करणाऱ्या अभियंत्याने साक्षीत सांगितलं की आपल्याला तेच म्हणायचं होतं. जिल्हा न्यायाधीशांना ते पटलं नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ते वाक्य अचूक ठरवलं नाही, हेही सांगायला हवं. प्रश्न एवढाच होता: मासिकाने ते खोटं आहे हे माहीत असताना, किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता छापलं का? तसा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून बोसचा दावा पडला. त्याच लेखात मासिकाने वाचकांना स्वतः ऐकून ठरवा, नवलाई ओसरल्यावरही आवडेल याची खात्री होईपर्यंत एवढा खर्च लांबणीवर टाका, असंही सांगितलं होतं. डूख धरून लिहिणारा असं लिहीत नाही.

‘समीक्षक खोटा म्हणूनच नोटीस.’ नोटीस हा एका पक्षाने मांडलेला दावा असतो. ब्रिटनच्या डीसीएस कंपनीने आपल्या बार्टोक डॅकच्या (डिजिटल संगीताचं विद्युत सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र) 2021 सालच्या समीक्षेवरून यूट्यूबवरच्या समीक्षकाला कायदेशीर धमकी दिली. 2024 मध्ये ते चव्हाट्यावर आलं आणि जाहीर माफी कंपनीनेच मागितली.

अर्थात कंपनीची हरकत रास्त असू शकते, आणि ती कुठे असू शकते हे आकड्यांत तपासता येतं. स्पीकर आणि माइक दोन्ही जमिनीपासून 1.2 मीटरवर, मधलं अंतर 1 मीटर धरा. जमिनीवरून परावर्तित आवाज 2.6 मीटर चालतो, म्हणजे थेट आवाजापेक्षा 1.6 मीटर जास्त. तो साधारण 4.7 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. हा परावर्तित आवाज टाळायला फक्त तेवढ्याच वेळाच्या ‘खिडकीत’ मोजलं तर सुमारे 215 हर्ट्‌झच्या खाली, वारंवारतेनुसार आवाजाची पातळी दाखवणाऱ्या आलेखाला अर्थ नाही. तरीही त्याच आलेखावरून ‘बास कमी’ म्हटलं असेल, तर कंपनीचं म्हणणं बरोबर आहे.

दुसरी नेहमीची गफलत माइकच्या उंचीची. ट्वीटर (उंच सुरांचा ड्रायव्हर) आणि वूफर (खालच्या सुरांचा) यांच्या केंद्रांत 18 सेंटिमीटर अंतर, क्रॉसओव्हर (जिथे आवाज एकाकडून दुसऱ्याकडे जातो ती वारंवारता) 2.5 किलोहर्ट्‌झ आणि सरळ समोर दोघं एकाच फेजमध्ये (लहरी एकत्र चढत-उतरत), अशी रचना घ्या. माइक 15 अंश वर गेला की दोघांचा आवाज सुमारे 4.7 सेंटिमीटरच्या फरकाने पोहोचतो आणि क्रॉसओव्हरपाशी जवळपास 6 डेसिबलचा खड्डा पडतो. तो खड्डा माइक चुकीच्या जागी ठेवल्याचा. कंपनीची तंत्रज्ञ मंडळी हे एका ईमेलमध्ये दाखवून देऊ शकतात. तसं न करता थेट वकील पुढे येतो तेव्हा मला तरी आलेखापेक्षा कंपनीबद्दल शंका येते.

‘खरं लिहिणाऱ्याला भीती कसली?’ हा मुद्दा भारतात सर्वांत लंगडा. बोस प्रकरणातलं संरक्षण अमेरिकेच्या राज्यघटनेतलं आहे. आपल्याकडे बदनामी फौजदारी गुन्हाही आहे: भारतीय न्याय संहितेचं कलम 356, दोन वर्षांपर्यंत साधी कैद. तिथे नुसतं सत्य पुरत नाही, ते लोकहितासाठी सांगितलं हेही दाखवावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये पॅराशूट खोबरेल तेलावरचा एका यूट्यूबरचा व्हिडिओ काढायला लावला. पुढच्या महिन्यात खंडपीठाने काही बदलांच्या अटीवर त्याला दिलासा दिला. उलट बाजूला, मार्च 2024 मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खालच्या कोर्टांना बजावलं की सुनावणीआधीच मजकूर काढायचे आदेश अपवादानेच द्यावेत. म्हणजे बचाव आहे, पण तो वकिलाची फी भरून तारखांना उभं राहून मिळतो.

म्हणून नोटीस आली की आधी विचारायचं: नेमकं कुठलं वाक्य, कुठला आकडा, आणि कंपनीची स्वतःची मोजणी कुठे आहे? आपल्याकडे मूळ मोजणीच्या फाइली, माइकची कॅलिब्रेशन फाइल (माइकच्या स्वतःच्या चुकांची दुरुस्ती), स्पीकरचा सीरियल नंबर, तो विकत घेतला की कंपनीने पाठवला याची नोंद, आणि स्पीकरला दिलेले व्होल्ट लिहिलेले हवेत. 2.83 व्होल्ट म्हणजे 8 ओहमला 1 वॅट, पण 4 ओहमला 2 वॅट. हे न सांगता ‘एका वॅटला इतके डेसिबल’ छापलं, तर 3 डेसिबलची चूक आपणच वकिलाच्या हातात दिलेली असते.