पात्राचा प्रवेश आधी, बॅनर नंतर

गेन्शिन इम्पॅक्ट या मोबाइल गेमचं नवं व्हर्जन दर सहा आठवड्यांनी येतं. त्याच्या बरंच आधी नव्या पात्राचं चित्र अधिकृत पेजवर पडतं: एक नाव, एक बिरुद, दोन-चार ओळी. एवढं पडायचा अवकाश, आपल्या खेळाडूंच्या ग्रुपवर सरबत्ती सुरू. किट (लढायची ताकद आणि करामती) कसं आहे? मेटा (कोणती पात्रं सगळ्यात भारी ते गणित) बदलणार का? पुल करायचं (सोडत काढायची) की जेम साठवायचे? ती बाई कोण, कुठली, पोटापाण्याला काय करते, तिचं कुणाशी वैर आहे, हे विचारणारा एखादाच. त्यालाही 'स्टोरी कोण वाचतं रे' म्हणून गप्प केलं जातं. गेला आठवडाभर हेच चाललंय, म्हणून लिहायला बसले. माझ्या मते पात्राची ओळख हा या खेळातला सगळ्यात सुंदर भाग आहे. त्यात लेखक, चित्रकार, गायक, वादक सगळ्यांचा जीव ओतलेला असतो, आणि आपण तो आकड्यांच्या नादात पायदळी तुडवतोय.

ज्यांनी गाचा गेम कधी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. खेळ फुकट असतो, पात्रं सोडतीत मिळतात. एखाद्या पात्राची सोडत म्हणजे त्याचं बॅनर. एका सोडतीला १६० प्रायमोजेम, म्हणजे खेळातलं चलन, लागतात. फाइव्ह-स्टार, म्हणजे सगळ्यात दुर्मीळ पात्र लागण्याची शक्यता दर सोडतीला ०.६ टक्के. ९० सोडतींत एक फाइव्ह-स्टार नक्की मिळतं, पण ते हवं तेच असेल असं नाही. हवं ते की दुसरंच, या फिफ्टी-फिफ्टीत हरलात की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं; मग मात्र हवं तेच मिळतं. म्हणजे वाईटात वाईट १८० सोडती, २८,८०० प्रायमोजेम. रोजची चार कामं केली की ६० मिळतात. नुसत्या त्यांच्यावर राहिलात तर एका पात्राला ४८० दिवस.

लालबागच्या आमच्या चाळीत वडीलधाऱ्यांना हे सांगितलं की ते म्हणतात, "म्हणजे मटकाच की गं." गिरणगावात हयात घालवलेल्या माणसांना आकड्याचा नाद काय असतो ते कुणी शिकवायला नको, आणि सोडतीपुरतं त्यांचं बरोबरच आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये याच खेळाच्या कंपनीशी २ कोटी डॉलरची तडजोड केली. १६ वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय अशा सोडती विकायच्या नाहीत, ही त्यातली एक अट. ज्या घरात पोरांच्या हाती आईबाबांचा यूपीआयवाला फोन असतो, त्या घरात एवढी एक बातमी तरी वाचली जावी. सोडतीबद्दल मला इतकंच म्हणायचंय.

आता प्रवेशाकडे येते. आपल्याकडे पात्राचा प्रवेश हा केवढा मोठा मामला आहे! परळच्या दामोदर हॉलला कोकणातल्या मंडळांचे दशावतार बघत मी मोठी झाले. आधी गणपती, ऋद्धी-सिद्धी, मग काळ्या वेषातला संकासुर, आणि ते सगळं आटोपल्यावर आख्यान. आख्यानातला राजा येणार म्हटलं की पेटीचा सूर चढतो, मृदंगाची चाल बदलते, झांजा जागच्या उठतात. राजा येतो, फेर धरतो, मग आपल्या तोंडाने आपण कोण ते सांगतो. पण शेजारी बसलेल्या आजीला त्याआधीच, नुसत्या पावलांवरून, हा देव आहे की राक्षस ते कळलेलं असायचं. त्याच्या तलवारीत किती जोर आहे, हे नंतर. आधी माणूस.

आणि हीच गोष्ट मला एका चिनी मोबाइल गेममध्ये सापडली, तेव्हा मी थक्क झाले.

५ जानेवारी २०२२, व्हर्जन २.४. दोन नवी पात्रं आली. शेन्हे फाइव्ह-स्टार, युन जिन फोर-स्टार. धंद्याच्या हिशोबाने बघाल तर सगळा झोत शेन्हेवर पडायला हवा, कारण बॅनर तिचा. युन जिन म्हणजे तिच्या सोडतीत जाताजाता हाती लागणारी. पण लेखकांनी काय केलं बघा. युन जिन ही खेळातल्या ल्युए देशातल्या एका जुन्या ऑपेरा मंडळीची मालकीण. स्वतः लिहिते, स्वतः गाते. शेन्हेला तिच्या बापाने लहानपणी एका राक्षसापुढे बळी म्हणून सोडलेलं, आणि ती पोर एक कट्यार घेऊन एकटी झुंजलेली. त्या घटनेवर एक जुना ऑपेरा आहे, आणि त्यात खरी हकीकत नाही. शेन्हेचं आयुष्य कळल्यावर युन जिन त्याचा शेवट नव्याने लिहिते आणि सगळ्यांसमोर सादर करते.

तो प्रसंग जेमतेम दोन-तीन मिनिटांचा आहे. तिने बोलायला सुरुवात केली तेव्हा आवाज नेहमीच्या कलाकाराचा होता, मी इंग्रजी ठेवला होता. गायला लागली आणि भाषा बदलली. चिनी, पेकिंग ऑपेराच्या ढंगात, शांघायच्या ऑपेरा मंडळीतली गायिका यांग यांग हिचा आवाज. तुम्ही जपानी लावा, कोरियन लावा, पद तेच राहतं. कंपनीने ते कुठल्याच भाषेत 'सोपं' करून दिलं नाही. मला एक अक्षर कळत नव्हतं, खाली ओळी वाचत होते, आणि शेवटच्या चढत्या ओळीला अंगावर काटा आला. दोन पात्रांची ओळख एकाच पदात झाली: जिच्याबद्दल गायलं ती, आणि जी गायली ती. पुढे चीनमधल्या वेगवेगळ्या प्रांतांच्या ऑपेरा कलाकारांनी तेच पद आपापल्या शैलीत गायलं. एका फोर-स्टार पात्रासाठी!

लढताना बघा युन जिनला. भाला फिरवून ती जिथे थांबते ती रंगमंचावरची ठेवण आहे, मान, मनगट, सगळं. तिचं किट म्हणजे इतरांच्या साध्या वारांना जोर देणं. मंडळीची मालकीण दुसरं काय करणार? ती बाकीच्यांना उभं करते. असं किट लिहिणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार.

नहिदाची ओळखही याच तोडीची, फक्त संथ. ती खेळायला मिळाली २ नोव्हेंबर २०२२ ला, पण आपली तिची गाठ ऑगस्टमध्येच पडलेली. तिच्याच राज्यातल्या पंडितांनी ५०० वर्षं कोंडून ठेवलेली एक छोटी देवता, जिचा वाढदिवस साजरा करायला मोजकीच माणसं उरलीत, आणि तो सणाचा दिवस पुन्हापुन्हा उजाडतोय. बॅनर लागेपर्यंत बहुतेक खेळाडूंना तिचा लळा लागलेला होता. तिचं किट जबरदस्त निघालं हे खरं, पण मी जेम साठवायला लागले ते किट माहीत नसताना.

कुणी म्हणेल, किटचं काहीच नाही का? आहे ना. दे'ह्याचं बघा. वाळवंटातली भाडोत्री लढवय्यी, कथेत आपल्या पाठीशी भिंतीसारखी उभी राहिलेली. मार्च २०२३ मध्ये ती खेळायला आली आणि तिचे ठोसे इतके फुसके, की जगभरच्या चाहत्यांनी बोंब मारली. त्यांचा राग योग्य होता. कथेत जी वाघीण, ती हातात आल्यावर मांजर निघावी हा पात्राचाच अपमान आहे. झोंगली या पात्राच्या वेळीही डिसेंबर २०२० मध्ये असंच झालं होतं. खेळाडू भांडले आणि फेब्रुवारी २०२१ च्या व्हर्जनमध्ये त्याला बळ मिळालं. दे'ह्याला ते मिळालं नाही. तेव्हा आकडे हवेतच, पण ते पात्राच्या स्वभावातून आलेले हवेत.

खेळ बनवणाऱ्यांचाही दोष आहे. नवं व्हर्जन उघडतं भारतीय वेळेनुसार सकाळी साधारण साडेआठला. त्या वेळी मी लोकलच्या लेडीज डब्यात असते. मागे एकदा समोरच्या सीटवरच्या कॉलेजच्या मुलीने फोन आडवा केला, आवाज बंद, आणि थेट बॅनर. उल्का पडते, तिचा रंग निळा, जांभळा की सोनेरी एवढ्यावर सगळ्यांच्या माना वळल्या, खेळ माहीत नसलेल्या बायकांच्यासुद्धा. सोनेरी निघाली, म्हणजे फाइव्ह-स्टार. मुलगी किंचाळलीच, दोघीतिघींनी अभिनंदन केलं. एका काकूंनी विचारलं, "कोण गं ही?" तिने खांदे उडवले. पुढचं स्टेशन येईपर्यंत ती त्या पात्राला आर्टिफॅक्ट (ताकद वाढवणाऱ्या वस्तू) लावत होती. तिचा राग नाही येत मला. खेळाचा दरवाजाच तसा बांधलाय: कथा संपवायच्या आधी बॅनर उघडा. टेस्ट रनमध्ये पात्र फुकट चालवून बघता येतं, पण तिथेही पुढ्यात नुसते राक्षस. त्या टेस्ट रनच्या जागी पात्राच्या आयुष्यातला पाच मिनिटांचा एक तुकडा द्या, बक्षिसाचे २० प्रायमोजेम तेच ठेवा. सगळे बघतील.

अजून एक गोष्ट मुंबईकर म्हणून बोलते. नहिदाचा सुमेरू देश भारत, इराण, इजिप्त यांच्यावरून घेतलाय. त्याच्या संगीतात सतार, तबला, बासरी आहे. तिथल्या विद्यापीठाची सहा दर्शनं, म्हणजे शाखा, आहेत आणि त्यांची नावं पारशी धर्मातल्या अमेशास्पंद या दैवी शक्तींवरून बेतलेली. फोर्टात रोज अगियारीवरून जाणाऱ्या माणसाला ती ओळखीची वाटतील. इतकं सगळं घेतलं, आणि पात्रांचे चेहरे मात्र बहुतेक गोरेपान. २०२२ मध्ये यावर टीका झाली, २०२४ मध्ये नाटलान हा नवा देश खेळात आला तेव्हा तर व्हॉइस ॲक्टरही बोलले. माझाही तोच आक्षेप आहे. पात्राची ओळख करून देताना त्याचा देश गाण्यात असावा तसा चेहऱ्यातही असावा. आणि तो देश बघणाऱ्या आपल्याला हा खेळ १५ भाषांत वाचता येतो, त्यात एकही भारतीय भाषा नाही.

त्यांच्याकडून वाट किती बघायची? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा गेम बनवून दाखवला, म्हणजे आपल्याकडे हात आहेत. लावणीच्या अदाकारीतून वार करणारी, दशावतारी फेर धरून ढाल उभी करणारी पात्रं मला खेळायची आहेत, आणि त्यांचं गाणं जपानी डबिंगमध्येही मराठीच राहिलेलं ऐकायचंय. युन जिनने ते शक्य असल्याचं दाखवलंय.

तोवर आपल्या हातातलं करू. ग्रुपच्या ॲडमिनना विनंती: नव्या पात्राचं चित्र आलं की पहिले दोन दिवस किटची चर्चा वेगळ्या पोस्टवर ठेवा. पुढच्या पात्राची गोष्ट मराठीत लिहून टाकायचं काम मी घेते. आणि कुणाच्या ओळखीत मृदंग वाजवणारे दशावतारी असतील तर मला मेसेज करा. युन जिनचं ते पद आपल्या चालीत बसवून बघायचंय, पेटी वाजवायला माझा मामा तयार आहे.