लॅनची वायर सतरंजीखाली नको

राउटर हॉलमध्ये, कॉम्प्युटर आतल्या खोलीत. मग मधली लॅनची, म्हणजे दोघांना जोडणारी नेटची वायर सतरंजीखाली सरकवून द्यायची, ही पद्धत घरोघरी दिसते. वायर दिसेनाशी झाली की काम झालं असं सगळे धरून चालतात. मला हे अजिबात पटत नाही. म्हातारी माणसं असलेल्या घरात तर मी ती वायर तिथून काढायलाच लावते.

कॅट 6 ची (हा लॅनच्या वायरचा एक प्रकार) वायर साधारण सहा मिलिमीटर जाड असते. आपल्याला हा उंचवटा जाणवतही नाही, पण गुडघे दुखतात म्हणून पाय घासत चालणाऱ्या आजींना तो पुरेसा आहे. उघडी वायर निदान दिवसा दिसते. रात्री बाथरूमला उठलेल्या माणसाला सतरंजीखालची वायर कशी दिसणार? त्या वयात खुब्याचं हाड मोडलं, तर ऑपरेशन आणि नंतरचं अंथरूण हे सगळ्या घराला भोगावं लागतं.

वायरचंही यात भलं नाही. आत तांब्याच्या पिळलेल्या चार जोड्या असतात. गिगाबिटला, म्हणजे 1000 एमबीपीएसच्या वेगाला, चारही लागतात, 100 एमबीपीएसला दोन पुरतात. पलंगाच्या पायाखाली किंवा दाराच्या फटीत चेंगरून एखादी तार तुटली की बरेचदा नेट बंद पडत नाही, नुसतं मंदावतं. म्हणून कोणाला वायरचा संशय येत नाही आणि तक्रारी मात्र कंपनीकडे जात राहतात.

वायर भिंतीच्या कडेने, स्कर्टिंगच्या वरून पीव्हीसीच्या केसिंग पट्टीतून न्या. दार आलं की चौकटीवरून वळसा घाला. वायर जास्त लागेल, लागू दे. 100 मीटरपर्यंत वेग कमी होत नाही, आणि आपल्या टू बीएचकेत तेवढी लांबी कुठून येणार! कोपऱ्यात करकचून दुमडू नका, साधारण इंचभर त्रिज्येचं गोल वळण द्या. विजेची वायर त्याच पट्टीत कधीही घालू नका, मिस्त्री कितीही म्हणाला तरी. आणि फायबरची वायर असेल तर जास्तच जपा, आत काच आहे.

फरशी ओलांडण्यावाचून इलाजच नसेल तर दोन्ही बाजूंनी उतरती असलेली, जमिनीवर बसवायची पट्टी मिळते, ती घ्या. फरशी कोरडी पुसून चिकटवा, नाहीतर पोछा मारताना चार दिवसांत सुटते.

ज्यांच्या घराचं काम सध्या चालू आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती: फरशी बसण्याआधी हॉलपासून प्रत्येक खोलीपर्यंत 25 मिलिमीटरचा एक रिकामा पाइप टाकून घ्या, आणि पुढे त्यातून वायर ओढून घ्यायला आत एक तार ठेवून द्या. जुन्या फ्लॅटमध्ये लँडलाइनचा पाइप भिंतीत बहुधा असतोच. इलेक्ट्रिशियनला तो आधी तपासायला सांगा, मगच पट्टीचा खर्च करा.