घरात साठा, दुकानात खडखडाट

"पुढची साथ आली की पहिल्याच दिवशी सहा महिन्यांची औषधं भरून टाकणार," मल्लू म्हणाला आणि पार्क चौकातल्या आमच्या कट्ट्यावर पेटलं.

"काय बोललालास बे?" सुन्या उसळला. तो मेडिकलच्या काउंटरवर असतो. "वडलांची बीपीची गोळी महिनाभर जास्तीची ठेव, कोण नको म्हणतंय? पण मार्च २०२० मध्ये लोकांनी काय नेलं? हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, मलेरिया-संधिवाताची गोळी! आयसीएमआरनं, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, ती कोरोना टाळायला सांगितली होती दवाखान्यात काम करणाऱ्यांना आणि पेशंटच्या घरच्यांना. इथं धडधाकट माणसं पाकिटं मागायला आली. २६ मार्चला सरकारनं ती एच-वन यादीत टाकली, चिठ्ठीशिवाय बंद. तोवर जायची ती गेली."

"माझ्या आईला तेव्हाच मिळेना," श्रीनू म्हणाला. त्याची आई विड्या वळायची, आता संधिवातानं बोटं वळत नाहीत. तिची ती रोजची गोळी. आणि जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत दिसलं, दवाखान्यात दाखल झालेल्या कोरोनाच्या पेशंटना तिचा काही फायदा नाही.

मल्लू हटेना. "सरकारं साठवतात ते चालतं? ब्रिटननं फ्लूवरचं टॅमिफ्लू भरून ठेवलंच की."

"ठेवलं, ४० कोटींहून जास्त पौंड घालून," मास्तर म्हणाले. "२०१४ मध्ये कॉक्रेन या संशोधकांच्या गटानं सगळ्या चाचण्या तपासल्या. मोठ्या माणसाचा ७ दिवसांचा त्रास ६.३ दिवसांवर आला, बस. पण तो साठा निदान देशासाठी होता. तुझा कपाटातला कोणासाठी?"

"कोरोनात रेमडेसिविर इंजेक्शनच्या रांगेत मी होतो, मास्तर. तुम्ही नव्हता."

याला उत्तर सोपं नव्हतं. नोव्हेंबर २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेनं दाखल पेशंटना ते देऊ नका म्हटलं होतं. तरी एप्रिल २०२१ मध्ये डॉक्टर चिठ्ठी लिहीत होते, आणि चिठ्ठी हातात पडल्यावर नातेवाईक पळणारच. निर्यातबंदी आली ११ एप्रिलला. मल्लूची भीती खोटी नाही, हे मी मानतो. पण त्याचा उपाय श्रीनूच्या आईच्या वाट्यातून जातो, म्हणून मी सुन्याच्या बाजूचा.

सुन्यानं मग वेगळीच खोड काढली. "तुझं घर पत्र्याचं. मे महिन्यात सोलापूर चाळिशीच्या वर. पट्टीवर लिहिलेलं असतं, ३० अंशांच्या खाली ठेवा. सहा महिन्यांनी त्या गोळीत औषध किती उरलंय, कोण तपासणार? तू?"

मल्लूनं पत्र्याचा विषय टाळला. "बरं, वडलांची एक महिना जास्तीची. आणि पॅरासिटामॉलच्या दोन पट्ट्या."

"घे."

"तीन?"

सुन्यानं चहाचे पैसे मल्लूच्याच नावावर लावायला सांगितले.