प्लॅटिनमच्या खाणीचं छत कशामुळे पडतं

प्लॅटिनमच्या खाणींबद्दल एक समज पुन्हा पुन्हा पुढे केला जातो. त्याचं सार असं: या खाणी कोळशासारख्या ठिसूळ थरात नसतात, दोन अब्ज वर्षांच्या पक्क्या अग्निजन्य खडकात असतात, सोन्याच्या खाणींइतक्या त्या खोलही नसतात, शिवाय आता मोजून खांब ठेवतात, यंत्रं वापरतात. तेव्हा एवढं असून छत कोसळून माणूस गेला, तर चूक त्याचीच. मी भूशास्त्र शिकलो आहे आणि हा शेवटचा निष्कर्ष मला सहन होत नाही. पण तो आधीच्या तीन दाव्यांच्या आधारावर उभा आहे, म्हणून आधी ते तपासू.

खडक पक्का आहे, हे खरंच आहे. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे ७० टक्के दक्षिण आफ्रिकेतून येतं, आणि ते बुशवेल्ड नावाच्या प्रचंड अग्निजन्य खडकसमूहातून. १९२४ साली हान्स मेरेन्स्की यांनी तिथला धातूचा थर शोधून काढला आणि त्याला त्यांचंच नाव मिळालं. आसपासच्या नोराइट किंवा अ‍ॅनॉर्थोसाइट या अग्निजन्य खडकाचा तुकडा हातात घेतला तर त्याच्या ताकदीबद्दल कुणाला शंका येणार नाही. पण हातातला तुकडा वेगळा आणि डोक्यावरचं छत वेगळं. आपल्या सह्याद्रीतला बेसाल्ट काय मऊ आहे? तरी दर पावसाळ्यात घाटात दरड येते. त्या दरडीतला धोंडा अखंडच असतो; तो फक्त आधीपासूनच्या सांध्यांवरून सुटलेला असतो.

बुशवेल्डमध्ये असे सांधे किती प्रकारचे आहेत ते पाहा. तिथला यूजी-२ हा प्लॅटिनम देणारा दुसरा थर, क्रोमाइट या क्रोमियमच्या काळ्या खनिजाचा. त्याच्या वर अनेक ठिकाणी क्रोमाइटचेच आणखी पातळ पट्टे असतात, काही तर बोटभर जाडीचे. खडक या पट्ट्यांवर सहज सुटतो. पट्टा छताच्या वर हातभर अंतरावर असेल, तर कामगाराच्या डोक्यावर हातभर जाडीची फरशी नुसती टेकलेली आहे असं समजायचं. छताला ठोकलेला बोल्ट पट्ट्याच्या पलीकडे पोचला तर ती फरशी वरच्या खडकाला शिवली जाते. बोल्ट आखूड पडला तर फरशी बोल्टांसकट खाली येते. आणि हे अंतर एकाच खाणीत जागोजागी बदलतं. म्हणून काही खाणींत छताला रडार लावून वरचा पट्टा किती उंचीवर आहे ते पाहतात.

मेरेन्स्की थराच्या वर काही मीटरांवर, कुठे त्याहून बऱ्याच उंचीवर, त्याच्यासारखाच दिसणारा पण प्लॅटिनम जवळजवळ नसलेला आणखी एक थर आहे. त्याचा तळ हाही सुटण्याचा सांधा. आधार अपुरा असेल तर तिथपर्यंतचं सगळं छत एकदम बसतं. याशिवाय घुमटासारख्या वाकलेल्या भेगा असतात, कढई उलटी धरावी तशा. त्यांच्या पृष्ठांवर सर्पेंटाइन, क्लोराइट अशा गुळगुळीत खनिजांचा लेप असतो, त्यामुळे मधला दगड धरून ठेवायला घर्षणच उरत नाही. आणि मग रांजणखळग्यांसारखे खड्डे. धातूचा थर सरळ चाललेला असतो आणि अचानक काही मीटर, कधी दहा-वीस मीटर खाली बुडी मारतो. असा खड्डा दोन-चार मीटर रुंदीचा असू शकतो किंवा शेकडो मीटरांचा. त्याच्या काठावर खडकात भेगांची दाटी असते, आणि खोदकाम तिथे पोचेपर्यंत काठ दिसत नाही. दोन अब्ज वर्षं हे सगळं जागच्या जागी राहिलं, कारण खाली पोकळी नव्हती. पोकळी आपण केली.

खोलीचा मुद्दा थोडक्यात. सोन्याच्या काही खाणी ४ किलोमीटरच्या आसपास पोचल्या आहेत. प्लॅटिनमच्या बहुतेक त्याच्या निम्म्यातच आहेत, हे खरं. पण १ किलोमीटर खोलीवरसुद्धा प्रत्येक चौरस मीटरवर वरच्या खडकाचा भार सुमारे ३००० टन असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कमी खोलीवर धोका घटतोच असं नाही, त्याची जात बदलते. फार खोलवर दाबानेच खडक फुटतो. उथळ जागी शेजारच्या दगडांना एकमेकांत घट्ट आवळून ठेवणारा दाब कमी पडतो, आणि सुटा दगड स्वतःच्या वजनाने गळून पडतो.

राहिले खांब. खांबांवरचा आंधळा विश्वास किती महाग पडतो हे दक्षिण आफ्रिकेने १९६० साली पाहिलं. कोलब्रुकच्या कोळसाखाणीत एकामागून एक खांब चिरडले गेले आणि ४३५ माणसं आत गाडली गेली. त्यातूनच संशोधन उभं राहिलं आणि १९६७ मध्ये कोळशाच्या खांबांच्या ताकदीचं सूत्र आलं. कठीण खडकासाठी मात्र बुशवेल्डमध्ये बराच काळ वापरलं गेलेलं सूत्र कॅनडातल्या युरेनियम खाणींमधल्या २८ खांबांवरून बांधलेलं आहे. देश वेगळा, खडक वेगळा. त्यात खांब आणि छत यांच्या सांध्यात मातीसारखा मऊ थर असेल तर काय, याचा हिशेबच नाही. असा थर असला की खांबाला वरून मिळणारी पकड जाते आणि खांब सूत्राने सांगितल्यापेक्षा कितीतरी कमी भाराला फुटतो. पूर्व बुशवेल्डमधल्या एव्हरेस्ट या प्लॅटिनमच्या खाणीत हेच झालं. डिसेंबर २००८ मध्ये तिचं काम थांबवावं लागलं.

झिम्बाब्वेतल्या ग्रेट डाइक या लांबलचक अग्निजन्य पट्ट्यावरची बिम्हा ही प्लॅटिनमची खाण तर यंत्रांनी चालणारी, रुंद बोगदे आणि मोजून ठेवलेले खांब असलेली. तिच्यातून मुतांबरा नावाचा एक दुर्बल पट्टा जातो. २०११ मध्ये त्या भागात पडझड झाली आणि जुलै २०१४ मध्ये खाणीचा जवळपास निम्मा भाग बसला. लक्षणं ओळखून माणसं आधी मागे घेतली होती, म्हणून जीव वाचले. पुढे ती खाण नव्याने आखावी लागली. इथे कुणा मजुराने कोणती चूक केली होती?

खांब जास्त भक्कम ठेवले की प्रश्न मिटतो, असंही नाही. मेरेन्स्कीच्या खोल भागात मुद्दाम लहान खांब ठेवतात. ते कामाच्या जवळ असतानाच हळूहळू चिरडले जावेत आणि उरलेल्या ताकदीवर छत पेलावं, अशी ती योजना. तिथे मोजमाप चुकून खांब मोठा राहिला तर तो चिरडला न जाता भार साठवत जातो आणि पुढे कधीतरी स्फोटासारखा फुटतो.

आता ‘चूक त्याचीच’ या शेवटच्या वाक्याकडे येतो. अनेक पारंपरिक खाणींत कामाच्या जागेची उंची जेमतेम १ मीटर असते. माणूस वाकून, बसून, सरपटत ड्रिल चालवतो. पाळीच्या सुरुवातीला छतावर लोखंडी पहार ठोकून आवाज ऐकायचा: खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर दगड सुटलेला, तो आधी पाडायचा. मडकं वाजवून घेण्यासारखीच ही परीक्षा आहे आणि तिने आजवर असंख्य जीव वाचवले आहेत. माणसं ती चुकवतात का? कधी चुकवतात. दमलेला माणूस घाई करतो, आणि उत्पादनावर बोनस बांधलेला असेल तर आणखी करतो. पण पहार सांगते ती वरच्या थोड्याशा जाडीची गोष्ट. दीड मीटर वरचा पट्टा, पुढे दडलेल्या खड्ड्याचा काठ, खांबाच्या माथ्यावरचा मऊ थर, यांतलं काहीही तिला ऐकू येत नाही. ते शोधणं भूशास्त्रज्ञाचं, खडक-अभियंत्याचं आणि बोल्टची लांबी, खांबांचा आकार, छताखाली बसवायच्या जाळीचा खर्च ठरवणाऱ्या व्यवस्थापनाचं काम.

दक्षिण आफ्रिकेच्या १९९६च्या खाण आरोग्य व सुरक्षा कायद्याने हे ओळखलं आहे. कामाची जागा सुरक्षित ठेवण्याचं कर्तव्य त्याने मालकावर टाकलं, आणि कलम २३ मध्ये कामगाराला जागा धोक्याची वाटली तर ती सोडून बाहेर पडण्याचा हक्क दिला. त्या हक्काचा वापर करून वर आलेल्या माणसाची त्या दिवसाची पाळी आणि बोनस यांचं काय होतं, हे विचारल्याशिवाय मेलेल्याची चूक काढण्याचा अधिकार कुणालाही नाही.