सॅफमध्ये भारत ‘दुय्यम संघा’मुळे हरला का?

दक्षिण आशियाई महिला फुटबॉल स्पर्धा, म्हणजे सॅफ, भारताने पहिल्या पाचही वेळा जिंकली. 2022 आणि 2024 ला मात्र करंडक बांगलादेशने नेला. तेव्हापासून एक मजकूर फिरतोय: भारताने दुय्यम संघ पाठवला, पाकिस्तानने ‘परदेशी मुली’ आणल्या आणि बांगलादेशला नशिबाने साथ दिली. संघांच्या याद्या समोर ठेवल्या तर यातलं फारसं काही टिकत नाही.

‘दुय्यम संघ.’ 2022 च्या काठमांडूतल्या संघात कर्णधार आशालता देवी, गोलरक्षक अदिती चौहान, ग्रेस डांगमेई, अंजू तमांग होत्या. काही ओळखीची नावं नव्हती, हे खरं. तयारीही अपुरी होती: फिफाने 15 ऑगस्टला भारतीय महासंघावर घातलेली बंदी 26 ला उठली आणि 6 सप्टेंबरला स्पर्धा सुरू झाली. गटात बांगलादेशने 3-0 ने हरवलं, उपांत्य फेरीत नेपाळने 1-0 ने.

पण 2024 चं काय? तेव्हा बंदी नव्हती. आशालता, ग्रेस यांच्यासोबत बाला देवी आणि मनीषा कल्याणही होत्या. पाकिस्तानविरुद्ध 5-2 ने जिंकताना बालाने आंतरराष्ट्रीय सामन्यांतला पन्नासावा गोल केला. तरीही पुढे बांगलादेशकडून 3-1 असा पराभव झाला आणि उपांत्य फेरीत नेपाळने पेनल्टींवर बाहेर काढलं.

‘परदेशी मुली.’ फिफाचा नियम सरळ आहे. त्या देशाचं नागरिकत्व हवं. जन्म बाहेरचा असेल तर आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कुणाचा तरी जन्म तिथला असला तरी चालतं. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या नादिया खानने 2022 मध्ये मालदीवविरुद्ध चार गोल केले, ते नियमातच बसून. ब्रिटिश पासपोर्ट ठेवून पाकिस्तानचं नागरिकत्व राखता येतं. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून आपल्याला ही वाट बंद आहे. शिवाय पाकिस्तानचा महिला संघ आठ वर्षांच्या खंडानंतर खेळत होता आणि दोन्ही वेळा गटातच बाद झाला. त्यांच्यामुळे आपला करंडक गेला, असं म्हणायला जागाच नाही.

‘नशीब.’ हा सगळ्यात अन्यायकारक मुद्दा. 2022 ला बांगलादेशने पाच सामन्यांत 23 गोल केले, खाल्ला फक्त एक. हा संघ एका उन्हाळ्यात जमलेला नव्हता. मैमनसिंग जिल्ह्यातल्या कलसिंदूर या एका गावातून मारिया मांदा, सानजिदा, तहुरा आल्या, त्या प्राथमिक शाळांच्या देशव्यापी स्पर्धेत खेळून. गोलरक्षक रूपना आणि ऋतुपर्णा चाकमा रांगामाटीच्या डोंगराळ भागातल्या. ढाक्यात महासंघाच्या इमारतीतच निवासी शिबिर, प्रशिक्षक गुलाम रब्बानी छोटन, आणि वयोगटांतून वर सरकणाऱ्या त्याच मुली. 2016 ला 16 वर्षांखालील आशियाई पात्रता गटात त्या पहिल्या आल्या, 2017 ला 15 वर्षांखालील सॅफच्या अंतिम सामन्यात त्यांनी भारताला 1-0 ने हरवलं. वरिष्ठ संघाचा निकाल पाच वर्षं आधीच दिसत होता, पाहणाऱ्याला.

2025 च्या सुरुवातीला बांगलादेशच्या 18 खेळाडूंनी छोटन यांच्यानंतर आलेले प्रशिक्षक पीटर बटलर यांच्याविरुद्ध बंड केलं. 2022 ची कर्णधार सबिना खातून पुढच्या यादीत नव्हती. तरीही त्याच वर्षी 2 जुलैला यांगूनमध्ये ऋतुपर्णाच्या दोन गोलांवर बांगलादेशने म्यानमारला 2-1 ने हरवलं आणि प्रथमच आशियाई चषकाचं तिकीट मिळवलं.